प्राध्यापकांच्या शिकण्याचे तास कुठे आहेत?

मागच्या वर्षी टी.वाय.च्या मुलांबरोबर निफाड तालुक्याच्या जमीनवापराचा नकाशा करायला घेतला होता. सेंटिनल-२ या युरोपीय उपग्रहाची एप्रिलमधली प्रतिमा उतरवून घेतली, क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, वर्गीकरण चालवले, म्हणजे कुठे पीक, कुठे पडीक हे संगणकाला ओळखायला लावले, आणि थोड्याच वेळात रंगीत नकाशा पडद्यावर आला. हे सगळे करणारी मुलगी सुरगाण्याची. हे सॉफ्टवेअर ती मोबाइलवर व्हिडिओ पाहून स्वतःच शिकली होती आणि त्या दिवशी लॅबमध्ये तिचा हात माझ्यापेक्षा वेगाने चालत होता. नकाशात पिंपळगावच्या बाजूचा मोठा पट्टा पडीक दिसत होता. मी पाहिला, उन्हाळ्याचे दिवस आहेत, असेल, असे म्हणून पुढे जायला सांगितले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. पिंपळगावचा, घरची द्राक्षबाग असलेला.

"सर, ते पडीक नाही. एप्रिलात खरड छाटणी होते. बागेवर पान राहत नाही. वरून बघणाऱ्याला काड्या आणि मातीच दिसणार."

मी नाशिक जिल्ह्यात सव्वीस वर्षे भूगोल शिकवतो आहे. खरड छाटणी मला माहीत नव्हती असे नाही. एप्रिलमध्ये खरड, ऑक्टोबरमध्ये फळांसाठीची गोडी छाटणी, हे इथल्या कोणालाही माहीत असते. पण पडद्यावर रंग आले की माणूस शेत विसरतो. सेंटिनलच्या प्रतिमेतला एक पिक्सेल जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटरचा. नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत तेवढ्या जागेत चोवीसेक वेली बसतात. त्या चोवीस वेलींवर पान नसेल तर उपग्रहाला दिसते ती मधली माती, आणि संगणक त्या चौकोनाला पडीक म्हणून मोकळा होतो. त्याचे काही चुकले नव्हते. चुकले होते ते माझे. प्रतिमा कोणत्या महिन्याची आहे आणि त्या महिन्यात शेतात काय चालू असते, हा भूगोलाच्या शिक्षकाने विचारायचा पहिला प्रश्न. तो मी विचारला नाही.

पुढचे काम मात्र माझे होते. तो मुलगा म्हणतो ते खरे, हे दाखवायचे कसे? मग डिसेंबरची, बागा पानांनी भरलेल्या असतानाची दुसरी प्रतिमा घेतली. दोन्ही प्रतिमा एकत्र ठेवून पुन्हा वर्गीकरण केले. एका रविवारी सगळे मिळून तिकडे गेलो, मोबाइलच्या जीपीएसवर चाळीस ठिकाणे नोंदवली आणि नकाशा कुठे बरोबर, कुठे चूक, याची सारणी मांडली. सॉफ्टवेअर तिने शिकवले, शेत त्याने शिकवले, आणि पडताळणी कशी करतात ते मी शिकवले. इतक्या वर्षांत मला इतका समाधानाचा प्रॅक्टिकलचा तास आठवत नाही.

हा प्रसंग मी एवढ्यासाठी सांगतो की विद्यापीठातल्या शिक्षकांनी तंत्रज्ञान कसे शिकावे, या प्रश्नावरचे माझे उत्तर त्यातून आले आहे. विद्यार्थ्यांच्या एक पाऊल पुढे राहायचे, हा हट्ट प्राध्यापकांनी सोडावा. त्यांच्याबरोबर, त्यांच्यासमोर, त्याच लॅबमध्ये शिकावे. आणि या शिकण्याचे तास विद्यापीठाने आणि शासनाने वर्कलोडमध्ये धरावेत. पहिली गोष्ट आपल्या हातात आहे. दुसरी नाही, आणि दुसरीशिवाय पहिली फार दिवस टिकत नाही.

पुढे राहण्याच्या हट्टाची कारणे मला कळतात. माझ्या पिढीने भूगोलाचे प्रॅक्टिकल ट्रेसिंग पेपर, रोटरिंग पेन आणि काचेखाली बल्ब लावलेल्या टेबलावर केले. टोपोशीटवरून, म्हणजे स्थलदर्शक नकाशावरून, समोच्च रेषा उतरवायला दोन-दोन दिवस लागत. समतल फलक घेऊन कॉलेजच्या मैदानाचे सर्वेक्षण करायचे, सावली सरकायच्या आत. त्या कौशल्यात शिक्षक निर्विवाद पुढे असायचा. त्याने पंधरा वर्षे तेच केलेले असायचे आणि ते बदलतही नव्हते. शिक्षकाचा मान त्या पुढे असण्यावर उभा होता. आता साधन दर दोन वर्षांनी बदलते. पंधरा वर्षांच्या सरावाची पुंजी अशा ठिकाणी कामाला येत नाही, आणि पन्नाशीच्या माणसाला एकोणीस वर्षांच्या मुलीला "हे बटण कुठे आहे गं?" असे विचारावे लागते. ते जड जाते. मला गेले. जड जाते म्हणून अनेक चांगले शिक्षक लॅबकडे फिरकतच नाहीत, आणि विषयातले त्यांचे सगळे शहाणपण लॅबच्या बाहेर राहते. नुकसान इथे आहे.

यावर एक सोपा तोडगा सांगितला जातो. तंत्रज्ञान मुलांना जन्मतःच येते, ते त्यांच्यावर सोडा, शिक्षकाने आपला विषय शिकवावा. हे म्हणणाऱ्यांनी एफ.वाय.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला येऊन बसावे. रील एडिट करून त्यावर संगीत चढवणारा मुलगा "फाइल कुठे सेव्ह केलीस?" या प्रश्नाला गोंधळतो. फोल्डर म्हणजे काय, हे त्याला कधी पाहावे लागलेले नाही, कारण मोबाइल ते दाखवत नाही. प्रकल्पाचा नकाशा पाठव म्हटले की संगणकाच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला तिरपा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरून येणाऱ्या कित्येक मुलांचा माउसला पहिला स्पर्श आमच्या लॅबमध्ये होतो. ही मुले अतिशय चटकन शिकतात. पण त्यांना आधीच येते असे समजून आपण अंग काढून घेतले, तर पुढे जातील ती ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे तेवढीच. ज्यांच्या घरी नाही, त्यांच्यासाठी कॉलेज ही एकच जागा आहे.

म्हणजे दोन्ही बाजूंना काही येते आणि काही येत नाही. अशा स्थितीत एकत्र बसणे हाच सरळ मार्ग उरतो. मी तो पहिल्यांदा अनुभवला एमएस-सीआयटीच्या वर्गात. राज्यात हा संगणकाचा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला. त्यानंतर दोनेक वर्षांनी मी कॉलेज रोडवरच्या एका केंद्रात नाव घातले. शेजारच्या संगणकावर माझाच एफ.वाय.चा विद्यार्थी. पहिला आठवडा दोघांनाही अवघडल्यासारखे झाले. नंतर तो मला शॉर्टकट दाखवायला लागला आणि मी त्याला एक्सेलमध्ये पर्जन्याची सरासरी आणि विचलन काढायला लावले, कारण उदाहरण म्हणून दिलेली किराणा दुकानाची यादी आम्हा दोघांनाही कंटाळवाणी वाटत होती. वर्गातले आमचे नाते त्यामुळे बिघडले नाही. उलट नंतर तो मुलगा प्रश्न विचारायला अधिक मोकळा झाला.

नाशिकला तर हे कोणी शिकवायलाच नको. १९८९ मध्ये इथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले, मूळचे भौतिकशास्त्राचे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे बोधवाक्य घेऊन आलेल्या त्या विद्यापीठात शिक्षकासमोर वर्गच नव्हता. विद्यार्थी शेतात, दुकानात, स्वयंपाकघरात. अशा विद्यार्थ्यासाठी पुस्तक कसे लिहायचे, ध्वनिफितीवर कसे बोलायचे, हे तिथल्या शिक्षकांना नव्याने शिकावे लागले. फळ्यासमोर वर्षानुवर्षे बोललेल्या माणसांनी स्वयंअध्ययनाची पाठ्यपुस्तके लिहिली. शिकवणाऱ्याने शिकवण्याचे साधन स्वतः हाताळायचे, ही गोष्ट गंगापूर धरणाच्या वाटेवर, गोवर्धनच्या त्या माळावर तीन दशकांपूर्वीच मान्य झाली होती. आपल्या बाकीच्या कॉलेजांनी ती शेजारी असूनही पुरेशी उचलली नाही, असे मला वाटते.

२०१५ च्या सिंहस्थाच्या तयारीत आणखी एक दार उघडले होते. नाशिकमध्येच जन्मलेले, अमेरिकेतल्या एमआयटीत संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' भरले. गर्दी, आरोग्य, वाहतूक असे शहराचे खरे प्रश्न घेऊन विद्यार्थी, अभियंते आणि अधिकारी एका टेबलाशी बसले. वयाने आणि पदाने दूर असलेली माणसे एका प्रश्नावर एकत्र शिकू शकतात, हे या शहराने पाहिले आहे. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. त्या टेबलावरची ती पद्धत कॉलेजच्या रोजच्या वेळापत्रकात कधी उतरणार, एवढेच मला विचारायचे आहे.

याउलट, शिक्षकांना बरोबर न घेता तंत्रज्ञान आणले की काय होते, ते मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये भोगले. उन्हाळी परीक्षांच्या लाखो उत्तरपत्रिका त्या वर्षी संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या ठरल्या. सराव नाही, यंत्रणा पुरती बसलेली नाही, आणि तपासणीचे काम मात्र सुरू. निकाल महिनोन्महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. पडद्यावर पेपर तपासणे ही कल्पना वाईट नव्हती. मीही नंतर तसे तपासले आहे, बेरजेच्या चुका टळतात. पण हजारो शिक्षकांना एका हंगामात नवे साधन हातात देऊन निकालाची तारीख सांगणे, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत.

प्रशिक्षणाच्या नावाने जे चालते त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन एफडीपींचा, म्हणजे शिक्षकांसाठीच्या प्रशिक्षण कार्यक्रमांचा, पूर आला. मीही बरेच केले. एका एफडीपीत आठवडाभर रोज दोन व्याख्याने, कॅमेरे बंद, शेवटी गुगल फॉर्मवर दहा प्रश्न आणि ई-मेलने प्रमाणपत्र. विषय होता अध्यापनातील नवतंत्रज्ञान. सात दिवसांत एकदाही आमच्यापैकी कोणाला काही करून दाखवायला सांगितले गेले नाही. बढतीच्या फाइलला ते प्रमाणपत्र जोडले गेले, मोजले गेले, आणि मला त्यातून एकही साधन वापरता येऊ लागले नाही. दोष आयोजकांना देऊन उपयोग नाही. बढतीला प्रमाणपत्र लागते, तर प्रमाणपत्रच मिळणार. क्यूजीआयएस मी शिकलो ते लॅबमध्ये, पाच चुका करून, मुलांसमोर. त्याचा कागद कुठेच नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ अखेरीस आले. पुढच्याच सत्रात आमच्याकडच्या प्रकल्प अहवालांची भाषा एकाएकी गुळगुळीत झाली. ज्या मुलाच्या वहीत ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ नसतो, त्याचा अहवाल निर्दोष प्रमाण मराठीत. पहिली प्रतिक्रिया पकडापकडीची होती. यंत्राने लिहिलेला मजकूर शोधून देणारी सॉफ्टवेअरे आली, काहींनी त्यांचे टक्के पाहून गुणही कापले. पण ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी काढले, तिनेच मजकूर यंत्राचा की माणसाचा हे ओळखण्यासाठी आणलेले आपले साधन जुलै २०२३ मध्ये, अचूकता कमी म्हणून, मागे घेतले. बनवणाऱ्याला जे ओळखता येत नाही त्यावरून एखाद्या मुलीला चोर ठरवणे मला अन्यायाचे वाटते, आणि मी ते करत नाही.

मी काय करतो ते सांगतो. उत्तर यंत्राकडून आणा म्हणतो. उघड आणा, प्रिंट काढून आणा. मग वर्गात लाल पेनाने त्याच्या प्रत्येक वाक्यापुढे 'कशावरून?' लिहायचे. एकदा नाशिकच्या सिंचनावरच्या उत्तरात यंत्राने दारणा धरण गोदावरीवर बांधल्याचे ठामपणे लिहिले होते. मुलांना काही खटकले नाही, वाक्य इतके सुबक होते. टोपोशीट काढली, एका मुलीला नदीवर बोट ठेवायला लावले. इगतपुरीकडून येणारी दारणा, तिच्यावर धरण, आणि पुढे कुठेतरी गोदावरीशी भेट. बोट सरकत गेले आणि तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्यानंतर त्या बॅचने यंत्राचे एकही उत्तर तसेच्या तसे उतरवले नाही असा माझा दावा नाही. पण विचारायला लागली, हे मी पाहिले.

हे करायला प्रथम मला ते यंत्र वापरावे लागले. ज्या शिक्षकाने ते कधी उघडलेलेच नाही, तो एकतर त्याला घाबरतो किंवा त्यावर सरसकट बंदी घालतो. दोन्हीत मुले एकटी पडतात. यंत्र कुठे चुकते हे ओळखायला विषय लागतो, आणि विषय शिक्षकाकडे आहे. म्हणून वयाने आणि अनुभवाने मोठ्या प्राध्यापकांनीच यात आधी उतरायला हवे असे मी म्हणतो. बटणे मुले दाखवतील.

आता तासांचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला चौदा तास प्रत्यक्ष अध्यापन सांगितले आहे, एकूण काम चाळीस तासांचे. कागदावर उरलेल्या चोवीस-सव्वीस तासांत वाचन, संशोधन, तयारी बसते. प्रत्यक्षात त्यात महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचे, म्हणजे नॅकचे कागद, प्रवेश समिती, परीक्षेची कामे, निवडणुकीची ड्युटी, आणि रिकाम्या पडलेल्या पदांचे तास येतात. नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही लागू झाले. कौशल्याधारित विषय आले, ऑन जॉब ट्रेनिंग आले. जे विषय शिक्षक स्वतः कधी शिकले नाहीत ते शिकवण्याची वेळ त्यांच्यावर आली, आणि शिकायला एकही तास वाढला नाही. माझी मागणी लहान आहे. त्या सोळा आणि चौदा तासांतले दोन तास 'सह-अध्ययन प्रॅक्टिकल' म्हणून धरावेत. त्यात शिक्षक आणि विद्यार्थी मिळून विषयातले एखादे नवे साधन एखाद्या स्थानिक प्रश्नावर चालवून पाहतील. शेवटी काय जमले, काय फसले याची दोन पानी नोंद. बढतीच्या फाइलला एफडीपीच्या प्रमाणपत्राऐवजी ती नोंद जोडता यावी.

याने अभ्यासक्रम मागे पडेल, असे काही सहकारी म्हणतात. आठवड्याला दोन तास गेले तर एखादे प्रकरण घाईने होईल, हे खरे आहे. ते मला चालेल. पाठ्यपुस्तकातली दूरसंवेदनाची व्याख्या मुलांना दोनदा कमी ऐकायला मिळाली तरी त्या खरड छाटणीच्या नकाशाने ती कायमची डोक्यात बसते.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना वगळून मात्र यातले काहीही होणार नाही. मला क्यूजीआयएसची पहिली ओळख करून देणारा माझा तरुण सहकारी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर होता. प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा उत्तीर्ण झालेला, हाताशी कोडिंग, मुलांमध्ये प्रिय. त्याला मानधन मिळे ते घेतलेल्या तासांचे. माझ्यासारख्यांना शिकवायला तो संध्याकाळी थांबे त्याचे काही नाही, सुट्टीचे काही नाही, आणि जे मिळे तेही महिनोन्महिने उशिरा. चार वर्षे त्याने वाट पाहिली. मग पुण्याच्या एका नकाशे करणाऱ्या कंपनीत गेला. जाताना लॅबच्या सगळ्या संगणकांवर त्याने नवी आवृत्ती टाकून ठेवली आणि मराठीत लिहिलेली बारा पानांची टिपणे माझ्या टेबलावर ठेवली. प्राध्यापकांनी नव्या काळाबरोबर चालावे असे सांगणाऱ्या शासनाने या मुलाला थांबवून का ठेवले नाही, याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. ज्यांना तंत्रज्ञान येते तेच शिक्षक सर्वांत असुरक्षित जागेवर बसवले आहेत. दोन तासांची माझी मागणी मान्य झाली तर त्या दोन तासांचे मानधन सीएचबीवाल्यांना पहिल्यांदा मिळायला हवे.

त्याची ती टिपणे आम्ही अजून वापरतो. सुरगाण्याच्या त्या मुलीने त्यात दोन पानांची भर घातली आहे, वर्गीकरणाआधी प्रतिमेचा महिना तपासा, अशी. आता ती एम.ए.ला आहे. ऑक्टोबरात बागांची गोडी छाटणी सुरू झाली की कोणत्या गावात कोणत्या आठवड्यात छाटणी झाली याची नोंद पिंपळगावचा तो मुलगा शेजारपाजारच्या शेतकऱ्यांकडून आणणार आहे. शुक्रवारचा शेवटचा तास आणि त्यानंतरचा एक, वेळापत्रकाबाहेरचा, आम्ही त्यासाठी ठेवला आहे. लॅबची किल्ली सहा वाजेपर्यंत द्यायला प्राचार्यांनी होकार दिला आहे.